रेंजरला काय कळतं... आणि काय कळत नाही!



शनिवारी रात्री आमच्या विंगमधून "अरे, आहे की नाही तेवढंच सांग!" असा आरडाओरडा ऐकू आला तर रेक्टर सरांनी काळजी करू नये. तिथे भांडण चाललेलं नसतं. तिथे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' चाललेलं असतं आणि आमच्या रेंजरने आपली 'प्रायमीव्हल अवेअरनेस' वापरलेली असते. या एका क्षमतेवरून आमच्या टेबलावर जितका वाद झालाय तितका मेसच्या भाजीवरूनही झालेला नाही. म्हणून म्हटलं, सबमिशनच्या आधी एकदा हा विषय व्यवस्थित लिहूनच काढावा.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. एकजण 'डंजन मास्टर', म्हणजे डीएम, होतो. तो जग रचतो, बाकीचे त्या जगातली एकेक पात्रं होतात. "मी दार उघडतो", "मी झाडावर चढतो" असं सांगायचं, फासे टाकायचे आणि गोष्ट पुढे न्यायची. फाशात सहा बाजूंचे असतात तसे वीस बाजूंचेही असतात. रेंजर हे त्यातलं रानात वावरणारं पात्र. वनखात्यातले 'रेंजर साहेब' वेगळे, त्यांना पगार मिळतो.

रेंजर हा वर्ग खेळात १९७५ पासून आहे. पण ज्या क्षमतेबद्दल मी लिहितोय ती पाचव्या आवृत्तीतली, २०१४ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मधली. आम्ही अजून तेच पुस्तक वापरतो.

नियम नक्की काय म्हणतो?

रेंजर तिसऱ्या लेव्हलला पोचला की त्याला ही 'आदिम जाणीव' मिळते. एक अ‍ॅक्शन खर्च करायची, एक स्पेल स्लॉट खर्च करायचा आणि आजूबाजूच्या प्रदेशावर लक्ष केंद्रित करायचं. जितक्या लेव्हलचा स्लॉट तितकी मिनिटं ही जाणीव टिकते. या वेळात एक मैलाच्या आत सात प्रकारचे जीव आहेत का, हे कळतं. प्रदेश रेंजरच्या खास सवयीचा असेल, म्हणजे 'फेव्हर्ड टेरेन' असेल, तर एकाऐवजी सहा मैलांपर्यंतचं कळतं. आणि शेवटी एक छोटं वाक्य आहे, तेच सगळे वाचायचं विसरतात : जीव कुठे आहेत आणि किती आहेत, हे या क्षमतेतून कळत नाही.

ते सात प्रकार असे. अ‍ॅबरेशन, म्हणजे या सृष्टीतलेच न वाटणारे विचित्र जीव. सेलेस्टियल, म्हणजे स्वर्गीय. ड्रॅगन. एलिमेंटल, म्हणजे अग्नी, वायू, जल यांपासून झालेले. फे, म्हणजे रानातले मायावी. फीन्ड, म्हणजे नरकातले. आणि अनडेड, म्हणजे मेलेले पण न गेलेले. आमच्या डीएमने जग मराठी वळणाचं केलंय, त्यामुळे वाट चुकवणारा चकवा हा आमच्याकडे फे आहे आणि हडळ, मुंजा हे अनडेड. वेताळ फीन्ड की अनडेड यावर दोन शनिवार गेले. निकाल अजून लागलेला नाही.

आता या यादीत काय नाही ते बघा. खेळात जीवांचे एकूण चौदा प्रकार आहेत, म्हणजे निम्मे यादीबाहेर! माणसं नाहीत. राक्षसी आकाराचे जायंट नाहीत. अर्धं घुबड-अर्धं अस्वल असलेला आऊलबेअर नाही, कारण तो 'मॉन्स्ट्रॉसिटी' या प्रकारात येतो. आणि सगळ्यात गंमत म्हणजे 'बीस्ट', म्हणजे साधी जनावरं, तीही नाहीत. वाघ, लांडगा, बिबट्या रेंजरच्या पाठीमागे येऊन बसला तरी ही जाणीव गप्प राहील. नवीन खेळाडू इथेच चिडतो. "रानातला माणूस आणि त्याला बिबट्या कळत नाही?" कळतो ना, पण या क्षमतेने नाही. त्याच्यासाठी रेंजरकडे दुसरी साधनं आहेत. त्याकडे पुढे येतो.

चऱ्होलीच्या नकाशावर

मैल म्हटलं की आपल्याला अंदाज येत नाही, म्हणून आपलाच नकाशा घेऊ. समजा रेंजर चऱ्होली बुद्रुक गावात उभा आहे. एक मैल म्हणजे १.६ किलोमीटर. या वर्तुळात गाव येईल, इंद्रायणीचा काठ येईल, थोडी शेतं आणि थोड्या नवीन सोसायट्या येतील. वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण ८.१ चौरस किलोमीटर.

आता सहा मैल, म्हणजे जवळजवळ ९.७ किलोमीटर. यात आळंदी आली, मोशी आली, भोसरी आली, दिघी आली, लोहगावचा विमानतळसुद्धा आला. चाकण मात्र बाहेरच राहतं. क्षेत्रफळ किती? त्रिज्या सहापट म्हणजे क्षेत्रफळ छत्तीसपट, साधारण २९३ चौरस किलोमीटर. (फेव्हर्ड टेरेनच्या यादीत शहर नाहीच. ज्याने गवताळ माळ निवडलाय त्याला चऱ्होलीत कितपत सूट द्यायची, हे डीएमने ठरवावं. दरवर्षी माळ कमी होत चाललाय, तेव्हा लवकर ठरवावं.)

आता प्रश्न असा. सहा मैलांचं उत्तर चांगलं की एका मैलाचं? पहिल्या वर्षाचा कोणीही सांगेल, सहा मैलांचं, रेंज जास्त आहे. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते आपल्या बिबट्याच्या उदाहरणाने सांगतो. नियमाप्रमाणे बिबट्या यादीत नाही, पण क्षणभर समजा की आहे.

विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, कॅमेरे लावून बिबट्यांचा अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. हे जंगल नव्हे बरं का, उसाची शेतं आणि वस्त्या. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं. तिथे दर १०० चौरस किलोमीटरला सरासरी ४.८ मोठे बिबटे निघाले.

हाच आकडा आपल्या वर्तुळांना लावू. सहा मैलांच्या वर्तुळात सरासरी चौदा बिबटे. एका मैलाच्या वर्तुळात ०.३९, म्हणजे अर्धासुद्धा नाही. बिबटे यदृच्छेने विखुरलेत असं धरून पॉयसनचं सूत्र लावलं (एम-थ्री वाल्यांना आठवत असेल), तर एका मैलात निदान एक बिबट्या असण्याची शक्यता साधारण ३२ टक्के येते. सहा मैलांत ती इतकी १०० टक्क्यांजवळ जाते की विचारण्यात अर्थच नाही. अशा प्रदेशात रेंजरने सहा मैलांची जाणीव वापरली आणि डीएम म्हणाला "हो, आहे", तर त्याने सांगितलं काय? काहीच नाही! ते आधीच माहीत होतं, स्लॉट मात्र गेला.

म्हणजे ज्या जीवांची वस्ती दाट आहे त्यांच्यासाठी मोठ्या वर्तुळातलं 'हो' फुकट असतं आणि लहान वर्तुळातलं 'हो' मोलाचं. उलट, मोठ्या वर्तुळातलं 'नाही' हे सोन्यासारखं. सहा मैलांत एकही अनडेड नाही असं कळलं तर २९३ चौरस किलोमीटर एका फटक्यात साफ! त्या क्षणी तरी निर्धास्त तंबू ठोका. आमच्या टेबलावर सगळे 'हो'ची वाट बघत बसतात आणि 'नाही' आलं की "वाया गेला स्लॉट" म्हणून हळहळतात. मी म्हणतो, पेढे वाटा.

नियमाच्या इंग्रजी वाक्यात सहाच्या आधी 'पर्यंत' असा अर्थ देणारे शब्द आहेत. त्यावरून काही टेबलांवर असं धरतात की फेव्हर्ड टेरेनमध्ये रेंजरला त्रिज्या स्वतः निवडता येते, सहा, चार, दोन, काहीही. पुस्तक यापेक्षा खुलासा करत नाही. पण हे मान्य केलं तर ती क्षमता एकदम कामाची होते. सहात 'हो', तीनमध्ये 'नाही', चारमध्ये 'हो', म्हणजे जीव तीन ते चार मैलांच्या कड्यात. कॉम्प्युटरवाले याला बायनरी सर्च म्हणतील. माझं मत विचाराल तर डीएमने हे द्यावं, पण प्रत्येक त्रिज्येला वेगळा स्लॉट घ्यावा.

तीन स्लॉटमध्ये शोध

तिसऱ्या लेव्हलच्या रेंजरकडे पहिल्या लेव्हलचे तीन स्लॉट असतात. तेच जखमा भरायला, तेच शत्रूवर खूण करायला, तेच या जाणिवेला. रात्रीची पूर्ण विश्रांती होईपर्यंत परत मिळत नाहीत. म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त तीन प्रश्न, आणि तेही उपाशी राहून विचारल्यासारखे.

एका मिनिटात फार लांब जाताही येत नाही. एका मिनिटात दहा राउंड, एका राउंडला तीस फूट, म्हणजे तीनशे फूट चालणं. पळालात तर सहाशेच्या आसपास. मैल म्हणजे ५,२८० फूट. तेव्हा 'जाणीव चालू ठेवून पळत सुटतो आणि उत्तर कुठे बदलतं ते बघतो' ही आयडिया कागदावरच बरी. त्यापेक्षा एकदा विचारा, जागा बदला, पुन्हा विचारा.

किती अंतरावर जागा बदलायची? हे मी बसून काढलं. पहिलं उत्तर 'हो' आलं, म्हणजे जीव पहिल्या वर्तुळात आहे. दुसरं वर्तुळ असं टाकायचं की ते पहिल्याचं बरोबर निम्मं क्षेत्रफळ झाकेल. मग उत्तर काहीही येवो, निम्मा भाग बाद होतो. दोन समान वर्तुळांची सामाईक जागा निम्मी व्हायला त्यांच्या केंद्रांत त्रिज्येच्या ०.८१ पट अंतर लागतं. म्हणजे एक मैल त्रिज्या असेल तर ०.८१ मैल, १.३ किलोमीटर चालायचं. पूर्ण एक मैल चाललात तर सामाईक भाग ३९ टक्केच उरतो. मग 'हो' आलं तर फायदा जास्त, पण 'नाही' आलं तर ६१ टक्के शिल्लक राहतात. असो. ८.१ चौरस किलोमीटरचे दुसऱ्या प्रश्नानंतर ४, आणि तिसरा नीट टाकला तर साधारण २. दिवस संपला. दोन चौरस किलोमीटर म्हणजे अजूनही एक अख्खं गाव.

पण थांबा, यात एक मोठी मेख आहे. वरचं सगळं गणित जीव एकच आहे आणि जागेवरच बसून आहे असं धरून चाललंय. नियम तर स्पष्ट सांगतो की किती आहेत ते कळणार नाही. मग दोन ठिकाणी 'हो' आलं तर तो एकच मुंजा दोन्ही वर्तुळांच्या सामाईक भागात आहे, की दोन वेगळे मुंजे दोन टोकांना आहेत? सांगता येत नाही. 'हो'वर बांधलेलं गणित इथे कोसळतं. 'नाही'वर बांधलेलं कोसळत नाही. एक असो वा पन्नास, 'नाही' म्हणजे त्या क्षणी त्या वर्तुळात कोणीच नाही. हे आमच्या पार्टीच्या डोक्यात शिरायला चार सेशन लागले.

आणि जीव चालतातही. 'आजोबा' नावाचा बिबट्या ऐकला असेल, त्याच्यावर २०१४ मध्ये मराठी सिनेमाही आला. २००९ मध्ये त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटाजवळ सोडलं, तर तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. सकाळचं 'हो' संध्याकाळी वापरू नका.

किती आहेत? ठशांचा प्रश्न

मग आकडा कुठून मिळतो? रेंजरला पहिल्या लेव्हललाच 'नॅचरल एक्सप्लोरर' ही क्षमता मिळते. तिच्यात एक ओळ अशी आहे की सवयीच्या प्रदेशात माग काढताना त्या जीवांची नेमकी संख्या, त्यांचा आकार आणि ते किती वेळापूर्वी गेले हेही कळतं. म्हणजे जाणीव फक्त 'आहे' सांगते आणि ठसे 'किती' सांगतात. बिबट्यासुद्धा इथे सापडतो, कारण माग कोणाचाही काढता येतो. फक्त माग काढायला आधी ठसा सापडावा लागतो आणि 'सर्व्हायव्हल'चा फासा नीट पडावा लागतो.

खेळ लिहिणाऱ्यांनी इथे सढळ हाताने दिलंय. खऱ्या जंगलात ठशांवरून नेमकी संख्या काढता येते, असं आपल्या देशातही कित्येक वर्षं मानलं गेलं. ओडिशातले वनाधिकारी एस. आर. चौधरी यांनी १९६६ मध्ये ही पद्धत सुरू केली. ठशावर काच ठेवायची, त्यावरून कागदावर आकृती उतरवायची, आणि प्रत्येक वाघाचा पंजा वेगळा ओळखायचा. १९७२ च्या देशभरच्या गणनेत याच पद्धतीने १,८२७ वाघ मोजले गेले. पण एकच वाघ चिखलात चालला की ठसा मोठा, कडक मातीत चालला की लहान, मुरमाड जागेत चालला की ठसाच नाही. राजस्थानातल्या सरिस्कामध्ये कागदावर डझनाहून जास्त वाघ होते. २००५ च्या सुरुवातीला शोध घेतला तर एकही सापडेना, शिकाऱ्यांनी सगळे संपवले होते. पुढे २००६ च्या गणनेपासून देशाने कॅमेरे आणि संख्याशास्त्र यांची वाट धरली. वाघाचे पट्टे आणि बिबट्याचे ठिपके आपल्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येकाचे वेगळे असतात, फोटोवरून एकेक जनावर ओळखता येतं.

सरिस्काचं उदाहरण मी टेबलावर मुद्दाम सांगतो. ठसा 'इथून कोणीतरी गेलं' एवढंच खात्रीने सांगतो. त्यावरून आकडा लिहायचा आणि मग त्या आकड्यावर निवांत बसायचं, याची किंमत तिथे वाघांनी दिली.

आपल्या पट्ट्यातही 'आहे' आणि 'कुठे' यांच्यातलं अंतर लोकांनी अनुभवलंय. २१ मार्च २०२२ ला चाकणच्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात बिबट्या शिरला. आत आहे हे सगळ्यांना कळलं होतं. तरी काही तास काम थांबवून वनखातं आणि जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातल्या पथकाला त्याला शोधून, बेशुद्ध करून बाहेर काढावं लागलं. एप्रिल २०२५ मध्ये लोहगाव विमानतळाच्या आवारात बिबट्या दिसला. तो तर आपल्या सहा मैलांच्या वर्तुळातला! 'आहे' हे पहिल्याच दिवशी ठरलं. 'कुठे' यासाठी पुढे कित्येक महिने कॅमेरे आणि पिंजरे लावावे लागले. आमचा रेंजर एका शनिवारी तीन स्लॉटमध्ये उत्तर मागतो, तेव्हा मला हे हटकून आठवतं.

डीएमसाठी थोडं

डीएमने सेशनच्या आधी सात ओळींचा कागद करून ठेवावा : या गावाभोवती एका मैलात काय, सहा मैलांत काय. ऐन वेळी डोकं खाजवत "अं... हो, असेल" म्हणालात की पार्टी लगेच ओळखते. सातही प्रकारांची उत्तरं वेगवेगळी द्यावीत, नाहीतर "काहीतरी आहे" एवढ्यासाठी कोणी स्लॉट घालवणार नाही. भिंत, डोंगर, जमीन यांचा अडथळा नियमात कुठे लिहिलेला नाही, तेव्हा तळघरात गाडलेला अनडेडसुद्धा मोजावा. पॅलाडिनची 'डिव्हाइन सेन्स' याच्या अगदी उलट आहे. ती फक्त साठ फुटांत, फक्त स्वर्गीय, फीन्ड आणि अनडेड यांच्यासाठी आणि भिंतीपलीकडे निरुपयोगी. पण ती जागा दाखवते. रेंजरने गाव सांगावं आणि पॅलाडिनने घर, अशी जोडी आमच्याकडे चांगली जमलीय.

खेळ बनवणाऱ्यांनाही ही क्षमता पुरती पटलेली नसावी. २०१६ मध्ये त्यांनी चाचणीसाठी रेंजरचं सुधारित रूप काढलं. त्यात फक्त रेंजरच्या ठरलेल्या शत्रूंपुरती, पण पाच मैलांतली, संख्या, दिशा आणि अंतर सगळंच सांगून टाकलं. स्लॉटसुद्धा नको. ते मला फार स्वस्त वाटतं, रहस्यकथेच्या पहिल्या पानावर खुनी सांगितल्यासारखं. २०२४ च्या नव्या हँडबुकातून तर ही जाणीव काढूनच टाकली.

२०२० च्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या पुस्तकातला पर्याय मात्र मला मनापासून आवडतो. तिथे 'प्रायमीव्हल'ऐवजी 'प्रायमल' अवेअरनेस आहे आणि तिसऱ्या लेव्हललाच रेंजरला जनावरांशी बोलण्याचा मंत्र मिळतो, स्लॉट न घालवता दिवसातून एकदा. म्हणजे आता बिबट्या कुठे आहे हे वानराला विचारता येतं. ताडोबात गाईड तरी दुसरं काय करतो? झाडावरचं वानर खाकरलं, भेकर भुंकलं की तो जिप्सी थांबवतो आणि त्यांचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघतो. वानर आकडा सांगत नाही, पण दिशा सांगतं, आणि त्यासाठी एकही स्लॉट लागत नाही. पुढच्या शनिवारी आमचा रेंजर हा पर्याय घेऊन बसणार आहे. वेताळाचा निकाल त्याच दिवशी लावायचाय, ज्यांना यायचंय त्यांनी फासे आपापले आणावेत.